अनंताला पाणी कोणी घातलं नाही

१४ मे

आणि वर मलाच विचारते, मम्मी चहा ठेवू का. चहा! ग्रीलमधली सगळी झाडं जळून कोळसा झालीत आणि हिला चहा सुचतोय.

बॅग दारातच टाकली आणि आधी खिडकीत गेले. मोगरा गेला. अबोली गेली. मिरचीच्या काड्या. जास्वंदीचा सांगाडा. तुळशीकडे तर बघवलं नाही. आणि अनंत. आईच्या दारातला अनंत. राजापूरहून ओल्या फडक्यात गुंडाळून मांडीवर आणलेली फांदी ती, सोबत पोरगं आणलं असतं तर एवढं जपलं नसतं. आता ते घर पण नाही आणि ते दार पण नाही. पान हातात घेतलं तर पापडासारखं मोडलं.

महिनाभर नव्हते घरी. ताईचा खुबा मोडला म्हणून गेलेले, हवा खायला नाही. जाताना सांगितलेलं, रोज सकाळी एकेक तांब्या. उन्हाळा आहे, विसरू नको. त्याला काय पदवी लागते? सून एवढी शिकलेली, लॅबमध्ये लोकांचं रक्त तपासते, कुंडीतली माती बोटाने तपासता येत नाही?

नितू मध्ये पडला. मम्मी जाऊ दे ना, झाडंच आहेत.

झाडंच आहेत!

मग बोलले मी. ह्यांच्यासमोर, नितूसमोर. लग्नाला तीन वर्षं झाली, तुझं स्वतःचं काही उगवलं नाही, निदान माझं उगवलेलं तरी राखायचं होतंस.

अश्विनीने गॅस बंद केला आणि आत गेली. चहा अर्धाच उकळलेला.

१५ मे

सगळ्या कुंड्या रिकाम्या केल्या. मेलेली झाडं मुळांसकट खिडकीतून मागे भिंतीकडे फेकली, अळवात. अनंत पण. ठेवून काय पूजा करू?

बिल्डिंगमागचं माझं मात्र सगळं जिवंत. अळू, गवती चहा, कढीपत्ता. मोरीचं पाणी पाइपातून गळतं त्यावर जगतात. म्हणजे गटारात भान आहे, माणसात नाही.

ह्यांना विचारलं, तुम्ही काय करत होतात? म्हणाले, मी टिटवाळ्याला बिल्डिंगची वॉचमनकी करतो, तुझ्या कुंड्यांची नाही. सुट्टीचा एक दिवस येतो. मला वाटलं, ती घालते.

घरातली तिची झाडं मात्र ठणठणीत आहेत. ते झेडझेड की काय, फ्रीजशेजारी पांढऱ्या कुंडीत, पानं अशी की मेण लावलंय. आणि ते सापाच्या शेपटीसारखं. ना फूल ना फळ, ना देवाला ना भाजीला. स्वतःच्यांना बरोबर पाणी मिळालं वाटतं. हे तोंडावर बोलले नाही. मोठ्याने बोलले, स्वयंपाकघरात. ऐकू गेलं असेल.

१८ मे

कल्याणच्या नर्सरीतून मोगरा आणि तुळस आणली. मोगऱ्याला आधीपासूनच कळ्या होत्या. अशी कळ्यांची झाडं घेऊ नयेत, नर्सरीवाले खतं मारून फुगवतात, घरी आणली की रुसतात. तरी घेतली. ग्रील रिकामी बघवत नाही.

अश्विनी हो मम्मी, नाही मम्मी, एवढंच. मला हे आवडत नाही. भांडायचं तर भांड ना. आमच्या सासूशी मी चुलीसमोर उभी राहून भांडायचे, जेवायला परत एका पंगतीत.

पिवळी पडलीय जरा. डाएट करत असेल.

२५ मे

चालले दोघं. माजिवड्याला भाड्याने खोली घेतलीय. नितू बोलला, तिला लॅब जवळ पडते.

कोपर ते ठाणे म्हणजे काय लंडन आहे? तीन वर्षं लांब नव्हती पडत.

सामान फार नव्हतंच. ह्यांनी सुट्टी घेतली, बॉक्स उतरवायला मदत केली, माझ्याकडे बघितलं नाही. झेडझेड आणि ते सापाचं ठेवून गेली. दारातून बोलली, मम्मी, ह्यांना पंधरा दिवसांतून एकदा थोडं पाणी. जास्त नको, सडतात.

मला झाडं शिकवते.

पाया पडली. पण मी पाठीवर हात ठेवला नाही. ठेवायला हवा होता का, ते टेम्पो गेल्यावर…

३ जून

मोगऱ्याच्या सगळ्या कळ्या गळल्या. बोललेले ना. चहाचा चोथा घातला, कांद्याच्या सालींचं पाणी घातलं.

घर मोठं झालंय. वन बीएचके बिल्डर लोक उगाच लहान म्हणतात, दोघं माणसं गेली की बघा केवढं होतं. कुकर लावला तर भात दोन दिवस पुरला.

झेडझेडला पाणी घातलं. पंधरा दिवस बिवस कोण मोजत बसतं. झाडाला तहान लागते.

१२ जून

आज जे कळलं ते लिहू की नको. लिहिते. नाहीतर डोक्यात फिरत राहील.

सकाळी खालच्या कांबळे बाई ओरडल्या. माझ्या नवीन कुंड्यांचं पाणी त्यांच्या चादरीवर पडलं. हे आमचं जुनंच भांडण. मी पण पदर खोचून खाली गेले.

म्हणाल्या, उन्हाळाभर शांती होती वहिनी, मला वाटलं सुधारलात.

मी बोलले, शांती कसली, सुनेने झाडं मारली माझी. पाणीच घातलं नाही.

त्यांनी चादर पिळायची थांबवली. म्हणाल्या, तिला असं बोलू नका हो. तिला उभं राहवत नव्हतं.

का, काय झालेलं?

तुम्हाला खरंच माहीत नाही?

मग सांगितलं. अश्विनीला दिवस गेलेले. दुसरा महिना. मी गावाहून आल्यावर पेढे ठेवून सांगणार होती, कांबळे बाईंना पण तेव्हा कळलं नव्हतं. एके दुपारी जिन्यात बसलेली दिसली, पांढरीफटक. नितू ड्युटीवर. कांबळे बाईंनीच रिक्षा केली, डॉक्टरीणबाईंकडे नेलं. राहिलं नाही. आणि नंतर पण अंगावरून जातच राहिलं, थांबेचना, शेवटी पिशवी साफ केली तेव्हा कुठे.

म्हणाल्या, झाडं सुकताना मी खालून बघत होते. तिला बोलले, दोन बादल्या तरी ओत. तर बोलली, काकी, मम्मीने हात लावायचा नाही सांगितलंय. थांबलं की घालेन.

मी बोलले, मग तुम्ही घालायचं होतंत.

कांबळे बाई म्हणाल्या, आमच्याकडे असलं काही पाळत नाहीत, मी घातलं असतं. पण एवढ्या वर्षांत तुम्ही मला कधी आत बोलावलंय का वहिनी? मग तुमच्या पाठीमागे कशी येणार? उद्या म्हणाला असतात, हिनेच मारली.

म्हणाले असते. खरं आहे.

चादर परत धुवून देते बोलले. नको म्हणाल्या.

१३ जून

मीच सांगितलेलं.

होळीच्या आधी. अश्विनीची पाळी चालू होती आणि हिने कढीपत्ता तोडून आणला, वर आल्यावर जास्वंदीची पिवळी पानं पण काढली. आठवड्याने जास्वंदीवर पांढरा कापूस चढला, ती चिकट कीड, आणि मोगऱ्याच्या कळ्या गळल्या. मी घर डोक्यावर घेतलं. तुझा हात लागला म्हणून. त्या दिवसांत झाडांच्या जवळ फिरकायचं नाही, पाणी नाही, पान नाही, काही नाही. देवासमोर कबूल करून घेतलं. ती बोलत होती, मम्मी, कीड मुंग्या आणतात, साबणाचं पाणी मारू. मी बोलले, लॅब लॅबमध्ये.

नंतर साबणाच्या पाण्यानेच गेली कीड. ते पण मी तिला सांगितलं नाही.

आमच्या आईने आम्हाला असंच केलं. लोणचं, पापड, तुळस, कुठे हात नाही. आम्ही कधी विचारलं नाही का ते. पण चार दिवसांनी आम्ही मोकळ्या व्हायचो. हिचे चार दिवस संपलेच नाहीत. आणि ही बसली नियम पाळत. घरात दुसरं कोणी नाही, उन्हाने कुंड्या तापलेल्या, आणि ही खिडकीत उभी राहून झाडं मरताना बघते.

एवढं शब्द धरून वागायला मी काय

१४ जून

नितूला फोन केला. आधी बोलला, कामात आहे. मी बोलले, मला कळलंय.

बोलले, मला का नाही सांगितलं?

बोलला, तिने शपथ घातलेली. बोलली, मम्मी मावशीकडे आहे, तिला तिथे टेन्शन नको. आल्यावर सांगू. मग तू आलीस. आल्या आल्या काय बोललीस ते आठव मम्मी.

आठवायला विसरलेय कुठे.

बोलले, तू तरी घालायचंस ना पाणी, तू घरी यायचास की रात्रीचा.

बोलला, मला झाडं दिसलीच नाहीत. मी तिच्याकडे बघत होतो.

फोन त्यानेच ठेवला.

ह्यांना सांगितलं, सुट्टीला आले तेव्हा. ताट पुढे होतं. जेवले नाहीत. हात धुतला आणि मागे कढीपत्त्याशी जाऊन उभे राहिले. एवढा मोठा माणूस.

२२ जून

झेडझेड गेलं.

खालून पिवळं पडलं. मी बोलले, भूक लागली असेल, अजून पाणी घातलं, शेणखत घातलं. आज दांडा धरला तर सुटून हातात आला, खाली नुसता चिखल आणि वास. मुळातल्या बटाट्यासारख्या गाठी कुजलेल्या. तिने बजावलेलं, जास्त नको, सडतात. उन्हाळ्यात अख्खा महिना कोणी बघितलं नाही तरी जगलेलं झाड माझ्या हातात चार आठवड्यांत मेलं.

तिच्यांना पाणी मिळत होतं म्हणून ती जगली, असं मी तेव्हा स्वयंपाकघरात ओरडले होते. त्यांना पण नव्हतं घातलं तिने. त्यांना लागतच नाही.

एक गाठ कडक होती. धुवून, राख लावून, कोरड्या मातीत ठेवलीय. पाणी नाही. हात पाठीमागे बांधून बसले.

३० जून

कांबळे बाईंना चहाला बोलावलं. आल्या. खुर्चीच्या टोकावर बसल्या, आधी ग्रीलच बघितली. म्हणाल्या, कुंड्यांखाली ताटल्या ठेवा, भांडण मिटेल. इतकी वर्षं हे मला सुचलं नाही. सुचलं असेल, करायचं नव्हतं.

जाताना बोलल्या, मागे अळवात बघितलंत का? तुमचं कसलंतरी खोड आहे तिथे, फुटलंय.

पळत गेले. गुडघा बोंबलला, तरी पळत गेले. अनंत. मी फेकलेला. आडवा पडलेला, मोरीचं पाणी आणि वरून पाऊस. वरच्या फांद्या मेलेल्याच, पण बुंध्याशी दोन कोंब, हिरवे, नखाएवढे.

मेला नव्हताच. नखाने साल खरवडून बघायचं असतं, आत हिरवं असलं तर थांबायचं असतं. मला माहीत आहे हे. लोकांना शिकवते मी. त्या दिवशी स्वतः खरवडून बघितलं नाही. मेलं बोलले आणि फेकलं.

८ जुलै

माजिवड्याला जाऊन आले. न सांगता. अळूची पानं नेली, गवती चहाची जुडी नेली.

दार अश्विनीने उघडलं. या मम्मी. पाणी दिलं. गुडघा कसा आहे, ताईमावशी चालतात का आता. सगळं नीट विचारलं. परक्या बाईला विचारतात तसं.

बाराव्या मजल्यावर खोली, छान मोठी खिडकी, ऊन असं येतं की दोन मोगरे सहज होतील. ग्रीलमध्ये एक कुंडी नाही. कपडे वाळत घालायची दोरी फक्त.

मी ठरवून गेलेले काय बोलायचं ते. पूर्ण रस्ताभर बसमध्ये घोकलं. अश्विनी, माझं चुकलं. दोनच तर शब्द. तोंड उघडलं तर बाहेर काय पडलं? निदान तुळस तरी लावायचीस.

ती गवती चहा धुवत होती. मागे न वळता बोलली, नको मम्मी. महिन्यातून काही दिवस तिला पाणी कोण घालणार?

टोमणा नव्हता तो. टोमणा असता तर मी उत्तर दिलं असतं. ती खरंच विचारत होती, आठवड्याची भाजी कोण आणणार तसं.

चहा प्यायले. साखर बरोबर होती, माझी अर्धा चमचा, विसरली नाही. आले परत.

९ जुलै

बोलता आलं नाही म्हणजे काय? शेजारणीला बारा शिव्या येतात, रिक्षावाल्याला येतात, नगरपालिकेच्या माणसाला येतात.

१७ जुलै

अनंत कुंडीत लावला. कोंब वाढतायत. दोन कोवळ्या फांद्या कापून वेगळ्या ग्लासात लावल्या, प्लास्टिकचा ग्लास, खाली भोक. एक लागली तर अश्विनीला.

वर पिशवी घातली, दमट राहायला.

२३ जुलै

एक फांदी काळी पडली. मूळ धरलं की नाही बघायला मी रोज हलवत होते. उपटूनच बघितलं दोनदा. हे आलेले, बघत होते. म्हणाले, अगं, रोज उपटून बघतेस, ती धरणार कशी?

मला थांबता येत नाही हो, बोलले.

म्हणाले, माहितीय. तीस वर्षं बघतोय.

आता एकच उरली. ग्लास कपाटाच्या वर ठेवला, हाताला येऊ नये म्हणून. तिथे ऊन नाही. परत खाली काढला. खिडकीच्या कोपऱ्यात. आणि मी स्वयंपाकघरात.

५ ऑगस्ट

फांदीची पानं हिरवी आहेत. म्हणजे काही लागली असं नाही. हिरवं महिनाभर राहतं, आतून मूळ नसतं, मग एका दिवसात मान टाकते. लागली की नाही ते कळायला एकच मार्ग, आणि ते मी करणार नाही.

झेडझेडची गाठ तशीच आहे. ना मेली ना फुटली.

नितू फोन करतो आता, रविवारचा. अश्विनीला दे बोलले तर, ती आंघोळीला गेलीय. दर रविवारी त्याच वेळेला आंघोळ.

१३ ऑगस्ट

गणपती जवळ आले. दरवर्षी मखर अश्विनी करायची. मागच्या वर्षी आदल्या दिवशीच तिची पाळी आली, तर मी तिला आतल्या खोलीत बसवली. आरती दाराआडून. मखर तिने केलेलं आणि तिलाच बघायला नाही. तिने पण काही म्हटलं नाही तेव्हा. मला वाटलं, पोरगी समजूतदार आहे.

समजूतदार. माझ्या घरात समजूतदार म्हणजे गप्प.

१८ ऑगस्ट

मोबाइलवर बोलून पाठवायचं ते कांबळे बाईंनी शिकवलं. बोट दाबून ठेवायचं. पहिलं बोलले, पुसलं. दुसऱ्यात रडायला आलं, ते पण पुसलं, रडून मागायचं नाही मला. तिसऱ्यात मी तिच्यावरच ओरडायला लागलेले. कांबळे बाई बोलल्या, वहिनी, हे नका पाठवू.

विचारलं, तुम्ही असतात तर माफ केलं असतंत?

म्हणाल्या, मी तुमची सून नाही, मला का विचारता.

बरोबर आहे.

२० ऑगस्ट

आज पाठवलं. आधी इथे लिहून काढलं, मग बघून वाचलं, म्हणजे जीभ दुसरीकडे जाणार नाही. जसं आहे तसं:

अश्विनी, मी मम्मी. मध्ये तोडू नको, पूर्ण ऐक. चौदा मेला मी जे बोलले ते बोलायला नको होतं. मला माहीत नव्हतं हे खरं आहे, पण माहीत नसतं तरी ते बोलायचं नसतं. झाडं तू मारली नाहीस. मी हात बांधले तुझे आणि वर विचारलं, पाणी का नाही घातलंस. कीड पण तुझ्या हाताने आली नव्हती, साबणाने गेली. तुझं झेडझेड मी मारलं, पाणी घालून घालून. एक गाठ राहिलीय. तिचं काय करायचं ते तूच सांग, मी आता हात लावत नाही.

अनंत जिवंत आहे. त्याची एक फांदी तुझ्यासाठी लावलीय. लागली की नाही मला माहीत नाही. मी उपटून बघितली नाही.

गणपतीला ये. तुझा कुठला दिवस आहे ते मी विचारणार नाही, तू सांगू नको. मखर तू कर, फुलं तू काढ, आरतीला पुढे उभी राहा. ताई काही बोलली, गाववाले काही बोलले, तर मी आहे ना तोंडाची, एवढं तोंड कधीतरी तुझ्या बाजूने वापरू दे. नाही यायचं तर नाही म्हण. राग असेल तर राग म्हण. पण नितूकडून निरोप नको आणि आंघोळीला गेलीय असं नको. तुझ्या तोंडाने ऐकायचंय मला. मला थांबता येत नाही, तुला माहीत आहे. रविवारी संध्याकाळी दिवा लावायच्या आधी सांग. येतेस की नाही?